स्फटिक नक्की कधी बनला? द्रावणातल्या स्फटिकीकरणाचा वर्णपटावरून माग काढताना

दरवर्षी प्रोजेक्टच्या हंगामात एमएस्सीचं कोणी ना कोणी एक आलेख घेऊन येतं. सरळ रेषेत चाललेलं प्रकाशाचं शोषण मध्येच वर उडालेलं असतं आणि त्याखाली लाल पेनाने लिहिलेलं असतं: ‘न्यूक्लिएशन, ४१ मिनिटं’. न्यूक्लिएशन म्हणजे केंद्रकनिर्मिती, स्फटिकाचा पहिला बारीक कण जन्मणं. मग ठरलेली प्रश्नोत्तरं होतात. किती वेळा केलंस? एकदाच. द्रावण गाळलंस? नाही, स्वच्छच दिसत होतं. क्युवेटच्या आतलं तापमान? यंत्रावर आकडा होता ना, सर.

ते ४१ मिनिटं कशाचं माप आहे, हे मग कोणालाच सांगता येत नाही. धुळीच्या कणाचं असेल, क्युवेटवर (यंत्रात द्रावण धरणाऱ्या चौकोनी काचेच्या नळीवर) धरलेल्या दवाचं असेल, कदाचित खरोखर केंद्रकनिर्मितीचंही असेल. यातल्या बहुतेक चुका यंत्रापाशी होत नाहीत, यंत्रापर्यंत पोहोचण्याआधीच्या तासाभरात होतात. म्हणून पुढे बाटली, फिल्टर आणि पाण्यावर जास्त लिहिलं आहे, सॉफ्टवेअरवर कमी.

आधी हे ठरवा: कोणता प्रकाश काय पाहतो

तीन यंत्रं सहसा वापरात असतात: यूव्ही-व्हिजिबल (अतिनील आणि दृश्य प्रकाशाचं शोषण मोजणारं), एटीआर जोडलेलं एफटीआयआर (हिऱ्याला टेकलेल्या नमुन्याचं अवरक्त शोषण मोजणारं) आणि रामन (लेसर टाकून विखुरलेल्या प्रकाशातले बदल पाहणारं). तिघांना एकच प्रश्न विचारला तर तिघांकडून तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं येतात.

यूव्ही-व्हिजिबलवर ६०० नॅनोमीटरला ग्लायसिनसारखा रंगहीन पदार्थ काहीच शोषत नाही. तरीही आकडा वर जातो, कारण स्फटिकांवर आपटून प्रकाश विखुरतो आणि डिटेक्टरपर्यंत पोहोचत नाही. म्हणजे हे गढूळपणाचं माप झालं. पडद्यावर ‘शोषण’ लिहिलेलं असलं तरी त्यावरून संहती काढायची नाही.

एटीआरमध्ये प्रकाश हिऱ्याच्या पृष्ठभागाबाहेर जेमतेम डोकावतो. पाण्यासारख्या द्रवात, ४५ अंशांच्या हिऱ्यावर, १००० वेव्हनंबरला (एका सेंटीमीटरात मावणाऱ्या तरंगांची संख्या) ही खोली सुमारे दीड मायक्रॉन भरते आणि १४१० ला सुमारे १.१. तरंगणारे स्फटिक इतक्या पातळ थरात क्वचितच येतात. त्यामुळे एटीआर द्रवात किती पदार्थ विरघळलेला उरला आहे ते सांगतं. अट एकच, हिऱ्यावर स्फटिक चिकटलेला नको.

रामनला द्रावण आणि स्फटिक दोन्ही दिसतात, पण लेसर जिथे केंद्रित केला आहे तेवढ्याच जागेतले. पदार्थाचं कोणतं स्फटिकरूप (रेणूंची कोणती मांडणी) पडलं हे सांगण्यात त्याला तोड नाही. किती पडलं हे विचारायला गेलात तर ते फसवतं, कारण सिग्नल कणांच्या आकारावर आणि संख्येवरही अवलंबून असतो.

केंद्रक जन्मतो तेव्हा तो काही नॅनोमीटरचा असतो आणि या तिघांपैकी एकालाही दिसत नाही. तो वाढून मायक्रॉनमध्ये आला की मग आपल्याला कळतं. मधला हा वाढीचा काळ पुढे गणितात वजा करावा लागतो. तो विसरणं ही प्रबंधांतली सर्वांत जास्त आढळणारी चूक असावी.

टप्पा १: पदार्थ आणि आकडे निवडा

पहिल्यांदा करत असाल तर ग्लायसिन घ्या. स्वस्त आहे, विषारी नाही, पाण्यात भरपूर विरघळतं आणि त्याची अल्फा, बीटा, गॅमा ही तिन्ही रूपं रामनवर वेगळी ओळखू येतात. १०० ग्रॅम पाण्यात ते २५ अंशांना सुमारे २५ ग्रॅम विरघळतं, ५० अंशांना ३९ ग्रॅम.

मोरचूद घेण्याचा मोह अनेकांना होतो. निळा रंग, सुंदर स्फटिक, शाळेपासूनची ओळख. पण मोरचुदाच्या संपृक्त द्रावणाचं ८०० नॅनोमीटरच्या आसपासचं शोषण एक सेंटीमीटरच्या क्युवेटमध्ये दहाच्या वर जातं आणि साधं यंत्र तीनच्या पुढे विश्वासाचं राहत नाही. तिथे मिळणारी सपाट रेषा भटक्या प्रकाशाची असते, द्रावणाची नव्हे. शिवाय ७८५ नॅनोमीटरचा रामन लेसर नेमका त्याच पट्ट्यात पडतो आणि द्रावण तापवतो. अगदी मोरचूदच हवं असेल तर एक मिलिमीटरची क्युवेट घ्या, पट्ट्याच्या उतारावर मोजा आणि रामनचा नाद सोडा.

या लेखात उदाहरण म्हणून १०० ग्रॅम पाण्यात ३५ ग्रॅम ग्लायसिन धरलं आहे. वरच्या आकड्यांमधून सरळ रेषा ओढली तर हे द्रावण सुमारे ४३ अंशांना संपृक्त होतं. २५ अंशांवर आणलं की अतिसंपृक्ततेचं गुणोत्तर (द्रावणात आहे ते भागिले त्या तापमानाला मावतं ते) ३५ भागिले २५, म्हणजे १.४.

सावध: विद्राव्यतेचे तक्ते कधी ‘१०० ग्रॅम पाण्यात’ असतात, कधी ‘१०० मिलिलिटर द्रावणात’. ३५ ग्रॅम पूड मेजर फ्लास्कमध्ये टाकून वर खुणेपर्यंत पाणी भरलंत तर द्रावण ठरवल्यापेक्षा बरंच तीव्र होईल. पाणीसुद्धा तराजूवर मोजा.

टप्पा २: द्रावण

पूड विकत घेताना बाटलीवरचा ग्रेड वाचा. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला एलआर (प्रयोगशाळेचा साधा ग्रेड) आणि एआर (विश्लेषणाचा, जास्त शुद्ध) दोन्ही मिळतात, किमतीत फरक असतो आणि गाईडने पैसे वाचवायला सांगितलेलं असतं. गढूळपणा कसा मोजतात एवढंच शिकायचं असेल तर एलआर चालेल. वेगाचे आकडे काढायचे असतील तर एआर घ्या आणि संपूर्ण प्रयोगमालिका एकाच बाटलीतून, एकाच लॉट नंबरवर संपवा. बाटली बदलली की अशुद्धी बदलतात, त्यांच्याबरोबर स्फटिक दिसेपर्यंत थांबण्याचा काळही बदलतो, आणि हे लक्षात येईपर्यंत सबमिशन आलेलं असतं.

पाणी डीआयॉनाइज्ड हवं, तेही त्याच दिवशीचं. आठवडाभर कॅनमध्ये पडून असलेलं नको.

आता क्रम. वजन केलेलं पाणी झाकणाच्या बाटलीत घ्या, पूड टाका, झाकण घट्ट लावा आणि मगच ६० अंशांवर ढवळत ठेवा. उघड्या बीकरमध्ये गरम केलंत तर पाणी उडतं आणि तुमचे ३५ ग्रॅम नकळत ३६-३७ होतात. शेवटचा कण दिसेनासा झाल्यावर घड्याळ लावा आणि तिथून पुढे किमान ४५ मिनिटं ६० अंशांवरच ठेवा. डोळ्यांना दिसत नाहीत असे बारीक तुकडे अजून उरलेले असतात. संपृक्ततेच्या तापमानापेक्षा १५ अंश वर, पुरेसा वेळ ठेवलं की ते विरघळतात. ही वाट न पाहता थंड केलेल्या द्रावणात स्फटिक चटकन पडतात आणि विद्यार्थी खूश होतो. प्रत्यक्षात तो जुन्या पुडीच्या तुकड्यांची वाढ मोजत असतो.

मग गाळणं. ०.२२ मायक्रॉनचा सिरिंज फिल्टर, आणि सिरिंज, फिल्टर, सुई, क्युवेट सगळं ओव्हनमध्ये आधी ६०-६५ अंशांवर तापवलेलं. याला काही जण अतिरेक म्हणतात. थंड फिल्टरमध्ये काय होतं ते पाहा: द्रावण जाळीतच स्फटिकतं, पिस्टन जड होतो, आपण जोर लावतो, आणि खाली पडतं ते कमी संहतीचं द्रावण, वर त्यात जाळीमागून निसटलेले स्फटिकांचे कणही असतात. गाळण्याचा हेतूच उलटा झाला. पहिला एक मिलिलिटर फेकून द्या.

सावध: गाळलेलं ग्लायसिनचं द्रावण ‘उद्यासाठी’ ठेवू नका. ते अमिनो आम्ल आहे, जिवाणूंचं आणि बुरशीचं जेवण. मुंबईच्या दमट हवेत दोन-चार दिवसांत त्यात येणारी धूसरता स्फटिकांची नसते.

तपासा: गाळलेल्या द्रावणातलं सुमारे ५ ग्रॅम वजन केलेल्या काचेच्या डिशमध्ये घ्या, ओव्हनमध्ये ८० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. ३५ ग्रॅमचं द्रावण बरोबर असेल तर बरोबर ५ ग्रॅममागे १.३० ग्रॅम उरायला हवेत. १.३५ आले तर पाणी उडालं आहे, १.२० आले तर फिल्टरमध्ये पडलं आहे. हा आकडा वहीत लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टप्पा ३: यंत्र आणि दव

यूव्ही-व्हिजिबलवर पेल्टिए होल्डर (क्युवेटला विजेवर तापवणारा आणि थंड करणारा) आणि ढवळणी हवी. ब्लँक, म्हणजे शून्य ठरवायचं वाचन, शुद्ध पाण्याचा घेऊ नका. त्याच ३५ ग्रॅमच्या द्रावणाचा, ते स्वच्छ असताना, ६० अंशांवर घ्या. पाण्याचा आणि तीव्र द्रावणाचा अपवर्तनांक वेगळा असतो, त्यामुळे पाण्याच्या ब्लँकवर बेसलाइन सुरुवातीलाच शून्यावरून सरकलेली दिसते.

पडद्यावरचं तापमान होल्डरच्या धातूचं असतं. द्रावण त्याच्या मागे रेंगाळतं. एकदा तरी क्युवेटमध्ये बारीक थर्मोकपल (तारेचा तापमापक) सोडून, नेहमीच्या वेगाने थंड करून दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहा. एक-दोन अंशांचा फरक सहज निघतो. तो किती आहे हे ठाऊक असेल तर निस्तरता येतो.

आणि दव. हे आमच्या घरचं दुखणं म्हणून थोडं सांगतो. एका जुलैत आम्ही १८ अंशांवर मोजत होतो. अकरा प्रयोगांत गढूळपणा इतक्या नेमक्या वेळी वाढला की आम्हाला ती पुनरावृत्तीची कमाल वाटली. बाराव्या वेळी कोणीतरी क्युवेट बाहेर काढून टिश्यूने पुसली, परत ठेवली आणि आकडा शून्यावर आला. स्फटिक एकही नव्हता. एसी दुपारी बंद पडायचा, कोणीतरी खिडकी उघडायचं आणि बाहेरची दमट हवा थंड काचेवर धरायची. पावसाळ्यात मुंबईत दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे एसी नसलेल्या खोलीत १८ अंशांची क्युवेट ही फ्रिजमधून काढलेली पाण्याची बाटलीच.

उपाय सोपे आहेत. होल्डरमधून कोरडा नायट्रोजन हळू सोडा. तो नसेल तर एसी लावून तासभराने सुरुवात करा आणि सॅम्पल कंपार्टमेंटमध्ये ताज्या सिलिका जेलची वाटी ठेवा. गुलाबी पडलेलं किंवा रंग बदललेलं जेल शोभेपुरतंच. सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे शेजारच्या सेलमध्ये त्याच तापमानाला नुसतं पाणी ठेवून त्याचाही आकडा नोंदवत राहणं. पाणी गढूळ व्हायला लागलं तर ते दव आहे, तुमचा शोध नाही.

रामनसाठी सिलिकॉनच्या तुकड्याचा पीक ५२०.५ वेव्हनंबरच्या आसपास येतो का ते रोज पाहा आणि खोलीतले दिवे बंद करा. ५३२ नॅनोमीटरचा लेसर असेल तर ट्यूबलाइटमधल्या पाऱ्याची ५४६.१ नॅनोमीटरची रेषा ४८४ वेव्हनंबरला एक टोकदार, देखणा पीक काढते. त्याला स्फटिकाचं नाव देऊन झालेलं मी पाहिलं आहे.

टप्पा ४: कॅलिब्रेशन

कॅलिब्रेशन म्हणजे ठाऊक असलेल्या संहतींवरून यंत्राची मोजपट्टी बांधणं. संहती मोजायची नसेल, फक्त गढूळपणा हवा असेल, तर हा टप्पा ओलांडा.

एटीआरवर ग्लायसिनचा १६०० जवळचा पट्टा दिसायला मोठा असतो, पण तिथेच पाण्याचा १६४० चा पट्टा बसलेला आहे. त्याच्या वाटेला जाऊ नका. १४१० आणि १३३० हे दोन पट्टे घ्या. पाच संहती आणि प्रत्येक संहतीला किमान तीन तापमानं, एवढं मोजमाप लागतंच. एकाच तापमानाला केलेलं कॅलिब्रेशन थंड होत जाणाऱ्या द्रावणाला लावणं ही चूक इतकी सर्रास होते की वेगळी सांगायला हवी: तापमान बदललं की पट्ट्याची उंची, रुंदी आणि जागा तिन्ही थोडी हलतात. संहती तीच असताना ती बदलल्यासारखी दिसते.

यातूनच दुसरी, जरा प्रतिष्ठित चूक जन्मते. स्फटिक दिसण्याआधी पीक एखाद्या वेव्हनंबरने सरकला की ‘केंद्रकपूर्व पुंज सापडले’ (केंद्रक बनण्याआधी एकत्र आलेले रेणू) असं लिहिलं जातं. असे पुंज असू शकतात, त्यावर गंभीर काम चालतं. पण आधी संपृक्ततेच्या बऱ्याच खालचं, कधीच न स्फटिकणारं द्रावण त्याच वेगाने थंड करा. तिथेही पीक तेवढाच सरकला तर ते नुसतं थंड होणं आहे.

तपासा: कॅलिब्रेशनमध्ये न वापरलेलं एक द्रावण, दुसऱ्या कोणीतरी बनवलेलं, मोजा. संहती दोन टक्क्यांच्या आत आली नाही तर मॉडेलमध्ये आणखी घटक घालत बसू नका. पुन्हा वजनं करा.

टप्पा ५: थंड करणं आणि नोंद

गरम द्रावण गरम क्युवेटमध्ये भरा, झाकण लावा, वर पॅराफिल्म गुंडाळा, आणि भरलेल्या क्युवेटचं वजन करा. प्रयोग संपल्यावर पुन्हा वजन करायचं आहे. फरक आला तर पाणी उडालं आणि तो प्रयोग बाद.

बाष्पीभवनाचा मुद्दा एटीआरवर तर जीवघेणा आहे. हिऱ्यावर एक थेंब टाकून दर मिनिटाला स्पेक्ट्रम घेणं फार सोपं वाटतं. एसीच्या कोरड्या झोतात तो थेंब काही मिनिटांत आटतो, कडेने पापुद्रा धरतो आणि सुरेख आलेख मिळतो. तो वाळण्याचा आलेख आहे. थेंबावर झाकण हवं, कडेला सील हवं. शक्य असेल तर थेंबाऐवजी जॅकेट असलेल्या भांड्यात बुडवायचा प्रोब वापरा.

होल्डरमध्ये ठेवल्यावर ६० अंशांवर दहा मिनिटं थांबा. गरम होताना पाण्यातली विरघळलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने काचेला चिकटते. हलकेच टिचकी मारून ते वर जाऊ द्या. मग ०.५ अंश प्रति मिनिट वेगाने २५ वर आणा. २५ अंशांना पोहोचलात की तिथे वेळेचं शून्य धरा. संपृक्ततेच्या रेषेपासून शून्य धरणारेही आहेत. दोन्ही चालतं, पण एकाच आलेखात दोन्ही मिसळून चालत नाही.

ढवळण्याचा वेग ठरवा आणि मालिका संपेपर्यंत त्याला हात लावू नका. ढवळलं नाही तर स्फटिक तळाशी बसतात, प्रकाशाचा किरण त्यांच्या वरून जातो आणि गढूळपणा वाढून पुन्हा शून्यावर येतो. याचा अर्थ ‘स्फटिक परत विरघळले’ असा अनेकदा लावला जातो. क्युवेट बाहेर काढून तळ बघायला दहा सेकंद लागतात. उलट फार जोरात ढवळलं तर भोवरा हवा ओढतो आणि चुंबकाची कांडी पहिल्या स्फटिकाला घासून त्याची शंभर पोरं करते. उडी देखणी येते, पण ती दुय्यम केंद्रकनिर्मितीची.

‘सुरुवात’ कशाला म्हणायचं ते प्रयोगाआधी वहीत लिहा. उदाहरणार्थ: पहिल्या दहा मिनिटांच्या बेसलाइनची सरासरी, अधिक तिच्या प्रमाण विचलनाच्या पाचपट, आणि सलग तीन वाचनं त्याच्या वर. आलेख पाहून मग रेषा ओढणारा माणूस नेहमी आपल्याला हवी तिथेच ओढतो. हे मी स्वतःवरून सांगतो.

एटीआर आणि गढूळपणा एकाच वेळी नोंदवत असाल तर गढूळपणा आधी वाढेल आणि संहती त्यानंतर घसरू लागेल. संहती घसरण्याऐवजी अचानक वाढली तर आनंदू नका. हिऱ्यावर स्फटिक चिकटला आहे आणि एटीआर आता घन पदार्थ मोजतंय. तिथून पुढचा डेटा टाकून द्या.

सावध: मोजणारा प्रकाशच स्फटिक पाडत नाही ना? हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. अतिसंपृक्त युरियावर लेसरचे स्पंद टाकून स्फटिक पाडल्याचं १९९६ सालीच नोंदलं गेलं आहे, पुढे ग्लायसिनमध्येही. साध्या यूव्ही-व्हिजिबलच्या दिव्याची काळजी नाही. पण रामन मायक्रोस्कोपचा तीव्र किरण थेंबाच्या पृष्ठभागाजवळ केंद्रित करत असाल तर तसाच दुसरा थेंब किरणाबाहेर ठेवा. पहिल्यातच वारंवार आधी पडत असेल तर पॉवर कमी करा.

टप्पा ६: पुन्हा, पुन्हा, पुन्हा

आता त्या ४१ मिनिटांकडे परत येऊ.

केंद्रक जन्मणं ही योगायोगाची घटना आहे. सगळं तंतोतंत सारखं ठेवलं तरी दर वेळी वेगळा आकडा येतो आणि त्यात तुमचा दोष नसतो. समजा, एका क्युवेटला सरासरी एक तास लागतो. मग निम्म्या क्युवेट सुमारे ४२ मिनिटांत स्फटिकतील. शंभरातल्या आठ पहिल्या पाच मिनिटांतच स्फटिकतील, आणि पाच तीन तासांनंतरही स्वच्छ असतील. यातली कोणती तुमच्या हाती आली होती? एका प्रयोगाला हे सांगता येत नाही.

किमान २४ वाचनं घ्या. आठ सेलचा बदलणारा होल्डर असेल तर तीन दिवसांत होतात. रीत अशी: सगळे काळ चढत्या क्रमाने लावा. प्रत्येक वेळेपर्यंत एकूणातल्या किती क्युवेट स्फटिकल्या त्याचा अपूर्णांक काढा. तो एकातून वजा करा, म्हणजे ‘अजून स्वच्छ’ असलेल्यांचा वाटा मिळेल. त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम वेळेविरुद्ध काढा. सरळ रेषा आली तर तिचा उतार, ऋण चिन्ह काढून, म्हणजे केंद्रकनिर्मितीचा वेग गुणिले आकारमान. रेषा वेळेच्या अक्षाला जिथे शून्यावर छेदते तो वाढीचा काळ, सुरुवातीला म्हटलं होतं तो.

आकड्यांत: उतार तासाला एक, म्हणजे सेकंदाला १ भागिले ३६००. क्युवेटमध्ये एक मिलिलिटर, म्हणजे घनमीटरचा दहा लाखावा भाग. भागाकार केला की वेग येतो दर घनमीटरला दर सेकंदाला सुमारे २७८ केंद्रकं. आकारमान लिटरमध्ये टाकलंत तर हजारपटीने चुकाल, आणि ही चूक छापून आलेलीही सापडते.

२४ वाचनांवर या वेगातली अनिश्चितता सुमारे २० टक्के राहते, सहा वाचनांवर ४० टक्के. म्हणून सहा-सहा वाचनं घेऊन ‘मिठाने वेग ३० टक्के वाढला’ असं लिहिता येत नाही.

रेषा सरळ न येता सुरुवातीला एकदम कोसळून मग मंद झाली तर तुमच्याकडे दोन जातींच्या क्युवेट आहेत: धूळ असलेल्या आणि नसलेल्या. टप्पा २ वर परत जा. ज्या क्युवेट शेवटपर्यंत स्वच्छ राहिल्या त्या ‘फेल’ म्हणून वगळू नका. त्या एकूण संख्येत धरायच्याच. त्या वगळल्या की वेग खोटा वाढतो.

टप्पा ७: कोणतं रूप पडलं?

पाण्यातून बहुधा अल्फा येतो, जरी नेहमीच्या तापमानाला सर्वांत स्थिर रूप गॅमा असलं तरी. रामनवर २९५० ते २९७५ हा टापू पाहा: अल्फा साधारण २९७२, गॅमा २९६३ च्या जवळ, बीटा २९५३. ८९३ चा पीक जोरदार असतो पण द्रावणातही जवळच, थोडा वर आणि रुंद येतो, म्हणून एकट्या त्याच्यावर निकाल देऊ नका. तुमचा फिल्टर २०० वेव्हनंबरच्या खाली पाहू देत असेल तर जाळीची कंपनं तिथे दिसतात. द्रावणाला जाळी नसते, त्यामुळे तिथला टोकदार पीक घनाचाच.

शक्य तेवढं द्रावणातच मोजा. स्फटिक गाळून, वाळवून, दुसऱ्या इमारतीत नेऊन मोजलेलं रूप हे जन्मलेलं रूप असेलच असं नाही. बीटा दमट हवेत झपाट्याने बदलतो. अल्कोहोल मिसळून बीटा पाडला आणि जुलैतल्या दुपारी उघड्या वॉचग्लासवर वाळवला, तर एक्सआरडीला (क्ष-किरणांवरून स्फटिकरूप ओळखणाऱ्या चाचणीला) अल्फा सापडतो आणि मग दोन विभागांत भांडण लागतं. केबीआरची गोळी (पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये नमुना घोटून दाबलेली) तर या कामासाठी करूच नका. घोटणं, दाब आणि केबीआरने ओढलेली ओल, तिन्ही मिळून रूप बदलू शकतात.

बाहेरच्या यंत्रावर जायचं असेल तर

रामन बहुधा आपल्या विभागात नसतं, स्लॉट घ्यावा लागतो, पवईला आयआयटीतल्या सैफसारख्या (बाहेरच्यांनाही यंत्रं वापरू देणारं केंद्र) ठिकाणी. अतिसंपृक्त द्रावण बाटलीत भरून लोकलने कांजूरमार्ग आणि पुढे रिक्षाने नेण्याचा प्रयोग आमच्याकडे झालेला आहे. बाटली पोहोचली तेव्हा तळाला बोटभर स्फटिक होते आणि स्लॉट दोन तासांचा होता.

वजन केलेली पूड एका कुपीत न्या, वजन केलेलं पाणी दुसऱ्या बाटलीत, सिरिंज फिल्टर चार, आणि हॉट प्लेट तिथे मिळेल का ते आधी फोनवर विचारा. विरघळवणं आणि ४५ मिनिटांची वाट तिथेच करायची, म्हणजे स्लॉट त्या हिशेबाने मोठा मागायचा. ऑपरेटरला आधीच सांगा की नमुना गरम आणि द्रव आहे. ऑपरेटर मॅडमना आयत्या वेळी लेन्सखाली वाफाळती क्युवेट दाखवली तर त्या नाही म्हणणारच, आणि त्यांचं बरोबर असतं.

निघताना क्युवेट तिथेच धुवा, गरम पाण्याने, तीनदा. काचेला चिकटलेला स्फटिक चमच्याने खरवडू नका. ओरखडा पडला की पुढच्या वेळी स्फटिक नेमका तिथेच उगवतो. धुतलेली क्युवेट उलटी ठेवा, आणि पूड तोलण्याच्या टेबलापासून लांब. ग्लायसिनचा अदृश्य धुरळा त्या टेबलावर कायम असतो, आणि पुढच्या अतिसंपृक्त द्रावणाला त्यातला एक कण पुरतो.